रिकामा पाइप

"एकही वायर दिसायला नको बरं का!" काम काढलेल्या घरात पाऊल टाकलं की हे वाक्य येतंच. चहा नंतर येतो. मी हो म्हणतो, कारण वायर न दिसणं ही काही फार मोठी गोष्ट नाही. भिंत फोडा, वायर टाका, सिमेंट लिंपा, वर पुट्टी आणि रंग, सगळं गडप. मग मी माझा प्रश्न विचारतो : "आणि दहा वर्षांनी ती बदलायची झाली तर?" त्यावर समोरचा असा बघतो, की जणू मी लग्नाच्या बैठकीत घटस्फोटाचा विषय काढलाय.

पुण्यात आणि आसपास घरांचं वायरिंग करण्यात माझं आयुष्य गेलं. जे काही शिकलो, त्यातलं बरंचसं या एका प्रश्नाभोवती फिरतं. वायर लपवायची, कबूल. पण कुणापासून? घरात राहणाऱ्याच्या डोळ्यांपासून. माझ्यानंतर त्या भिंतीला हात लावणाऱ्या कारागिरापासून लपवली, तर त्याला काम म्हणत नाहीत.

आयटीआयतून 'तारतंत्री' होऊन बाहेर पडलो ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. ज्यांच्या हाताखाली लागलो त्यांना सगळी साइट मामा म्हणायची. मामांचा हात उघड्या वायरिंगवर बसलेला. भिंतीत लाकडी गिट्ट्या ठोकायच्या, त्यांवर सागवानी पट्टी स्क्रूने आवळायची, पट्टीवर क्लिपा मारून वायर धरायची. आडव्या पट्टीवर चार इंचाला एक क्लिप, उभ्या पट्टीवर सहा इंचाला एक. कोपऱ्यात पट्टीचे दोन तुकडे कोन जुळवून कापलेले. त्याहून जुन्या घरांत केसिंग-कॅपिंग असायचं : दोन खाचांची लाकडी पट्टी आणि वर झाकण. एका खाचेत फेज, दुसरीत न्यूट्रल, आणि झाकणाचे स्क्रू मधल्या कण्यावर, म्हणजे स्क्रू वायरीत घुसायची भीतीच नाही. कुठून काय गेलंय ते त्या घरातलं शाळकरी पोरगंसुद्धा अंथरुणात पडल्या पडल्या सांगू शकायचं.

मग फ्लॅट आले, आणि फ्लॅटबरोबर पीव्हीसी पाइपातलं कन्सील्ड वायरिंग. मामांनी ते लवकर उचललं, पण त्यांचा त्यावर विश्वास नव्हता. पाइपावर नव्हे, माणसांवर. "दिसतंय तिथे सगळेच सरळ जातात," असं ते पुटपुटायचे आणि भिंतीवर ओळंबा सोडायचे. पाइपासाठी भिंतीत कोरलेली जी झिरी आठवडाभरात प्लास्टरखाली जाणार, तिला ओळंबा कशाला, असं मला तेव्हा वाटायचं. मी काही बोलत नसे, कारण मामांच्या हातात हातोडा असायचा.

ओळंबा कशाला, याचं उत्तर ड्रिल मशीन घराघरांत पोचल्यावर मिळालं.

भिंतीतला पाइप दिसत नाही, पण स्विचबोर्ड दिसतो. पाइप बोर्डातून निघून सरळ वर जातो, किंवा सरळ खाली, एवढी एक गोष्ट सगळ्या कारागिरांनी पाळली, तर पडद्याची दांडी लावायला आलेल्या अनोळखी सुतारालाही भिंत वाचता येते. बोर्डाच्या नेमक्या वर आणि नेमक्या खाली भोक पाडायचं नाही, आणि दोन बोर्ड एकाच उंचीवर असतील तर त्यांच्या मधल्या पट्ट्यातही सांभाळून. घरातल्या माणसांनी एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मे अपघात टळतील. पण हे चालतं ते झिरी मारणाऱ्यानं पाइप वाचवायला कर्ण धरला नसेल तरच. एका बंगल्यात मला बोलावलं होतं, पुस्तकांचं कपाट भिंतीला जखडताना ड्रिल वायरीत गेलं म्हणून. जवळचा बोर्ड चांगला पाच फूट लांब, आणि कपाट त्याच्या वरही नाही न् खालीही नाही. भिंत खरवडली तेव्हा कळलं, की आधीच्या कुणीतरी छताच्या कोपऱ्यापासून बोर्डापर्यंत तिरका पाइप मारला होता. वाचला असेल फार तर दोन-अडीच फूट पाइप. सुताराला घरमालक वाटेल ते बोलून बसले होते. त्याची बाजू मी घेतली, तेव्हा तो पहिल्यांदा खुर्चीवर टेकला.

झिरीचं एक गणित आहे, ते मी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी घालतो. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल जाऊ द्यायची नाही, आडवी एक षष्ठांशापेक्षा. फ्लॅटमधली आतली भिंत अर्ध्या विटेची, म्हणजे ११५ मिलिमीटर. तिचा तिसरा हिस्सा साधारण ३८. त्यात २५चा पाइप बसतो आणि वर अर्धा इंच माल चढतो. आता सहावा हिस्सा काढा : १९. त्यात २०चा पाइपसुद्धा मावत नाही. म्हणजे अर्ध्या विटेच्या भिंतीत लांब आडवी झिरी मारायचीच नाही, हे वेगळं सांगायची गरज उरत नाही. पाइप वर छतापर्यंत न्यायचा, तिथून आडवा फिरवायचा आणि पुन्हा खाली उतरवायचा. पाइप जास्त लागतो, वायर जास्त लागते, आणि "एवढ्याशा अंतराला एवढी वायर?" हे ऐकून घ्यावं लागतं. तरी आज फिरून बघा, टीव्हीच्या मागे, बेडच्या दोन्ही बाजूंना, किचनच्या ओट्यावर भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कटर चालवलेला दिसेल. खांब आणि बीम यांना तर हात लावायचाच नाही, पण कटरमध्ये सळई लागून ठिणग्या उडाल्या तरी न थांबणारी माणसं मी पाहिली आहेत.

पूर्वी छिन्नी-हातोड्यानं झिरी मारताना भिंत कुठे पोकळ आहे, कुठे घट्ट आहे, ते हाताला समजायचं. कटर आल्यापासून काम कितीतरी पटीनं उरकतं, धुरळा तितकाच वाढला, आणि हाताला काहीच समजेनासं झालं. बाकी झिरी भरणं हेही काम आहे. पाइप खिळ्यांनी पक्का करायचा, भिंत ओली करायची, माल भरायचा, जाळी मारायची, त्यावर पुन्हा माल, आणि मग पाणी मारत राहायचं. जाळी गाळली तर वर्षाच्या आत पाइपाच्या बरोबर वरून भेग धावते. गंमत अशी, की त्या भेगेमुळे पुढच्या कारागिराला पाइप कुठे आहे ते कळतं.

भिंतीचं काम मात्र निम्मंच. वायरिंगचा खरा निकाल लागतो तो स्लॅब भरायच्या दिवशी, आणि त्या दिवशी घर घेणारा माणूस तिथे नसतो.

सेंट्रिंगवर सळयांची खालची जाळी बांधून झाली की आमची पाळी. फॅनबॉक्स, दिव्यांचे जंक्शन बॉक्स, त्यांना जोडणारे पाइप, भिंतींवर जिथे उतरायचं तिथे खाली सोडलेली तोंडं. पाइप जाळीच्या वर हवेत, म्हणजे पाच इंची स्लॅबच्या मधोमध राहतात. सळईला बाइंडिंग वायरीनं बांधायचे, नाहीतर माल ओतला की तरंगून वर येतात. एका जागी तीन-चार पाइप एकमेकांवर चढू द्यायचे नाहीत, कारण तिथे काँक्रीटला जागाच उरत नाही. प्रत्येक सांधा सोल्युशन लावून बसवायचा. आणि बॉक्स भरायचे : ओल्या वर्तमानपत्राचे बोळे, थर्माकोल, वरून चिकटपट्टी. हे सगळं सळयांवर तोल सांभाळत, ऊन डोक्यावर आलेलं असताना, आणि खालून ठेकेदार "झालं का, मालाची गाडी आलीय" म्हणून ओरडत असताना करायचं.

मग माल सुरू होतो. पूर्वी घमेल्यांची रांग असायची, आता पंपाचा जाड होज असतो. पाइपाला दोन्ही सारखेच शत्रू. गमबूट घातलेला पाय नेमका सांध्यावर पडतो. व्हायब्रेटरची सुई बॉक्सला लागून बॉक्स फिरतो. सुटलेल्या सांध्यातून सिमेंटचं पाणी आत शिरतं आणि रात्रीत दगड होतं. म्हणून मामांचा दंडक होता, की स्लॅब भरून होईपर्यंत वायरमननं सेंट्रिंगवरून उतरायचं नाही. जेवायचं असेल तर तिथेच, पाइपांवर नजर ठेवून. आजही माझ्या हाताखालचा एक मुलगा स्लॅब भरेपर्यंत वर उभा असतो. बिल्डरचा सुपरवायझर त्याला दर खेपेला विचारतो, की तुझं काम कालच संपलं ना?

आता मोठ्या टाउनशिपमध्ये ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंतीसुद्धा काँक्रीटच्याच भरतात. या पद्धतीला साइटवर 'मायवान' म्हणतात. या घरांत भिंत आणि स्लॅब एकदमच भरून होतात आणि झिरी हा प्रकारच संपतो. बोर्डाची जागा आधी ठरली ती ठरली. कितीतरी मंडळी ताबा मिळाल्यावर मला बोलावतात आणि काँक्रीटच्या भिंतीवर हात ठेवून म्हणतात, "इथे एक प्लग पॉइंट काढून द्या." मी नाही म्हणतो. पट्टी लावून बाहेरून देतो म्हणतो. तिथे बरेचदा काम जातं. ते खुशाल जावं, कारण सळया कापून दिलेल्या प्लग पॉइंटवर मोबाइल चार्ज करून कुणाचं भलं होणार आहे?

वायर ओढायला दोन माणसं लागतात. एक ढकलणारा, एक ओढणारा, आणि मध्ये भिंत. पाइपात आधी स्प्रिंग घालायची. स्प्रिंग म्हणजे लवचीक पोलादी पट्टी. ती दुसऱ्या टोकाला निघाली की तिच्या डोळ्यात वायरींची टोकं गुंफायची. टोकं एकाच ठिकाणी जाड होऊ द्यायची नाहीत, थोडी मागेपुढे कापून निमुळती करायची आणि वर टेप. वायरींना शंखजिऱ्याची पूड चोळायची. मग इकडून "ओढ", तिकडून "येतंय", "थांब", "ढील दे", "परत". चांगली जोडी असली की आवाजही लागत नाही. वायरीच्या ताणावरूनच पलीकडच्याचा हात कळतो. मामा आणि मी अखेर-अखेर असे गप्प ओढायचो, आणि घरातल्या काकू काळजीनं येऊन विचारायच्या, की तुमचं भांडण झालंय का?

वळणं मोजून ठेवायची. एका बॉक्सपासून दुसऱ्या बॉक्सपर्यंत दोन काटकोन ठीक, तिसरा आला की मध्ये बॉक्स द्या. कारण वळणावरचं घर्षण बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढतं. प्रत्येक कोपरा आधीच्या ओढीला पुन्हा गुणतो. बाजारात तयार एल्बो मिळतात. स्वस्त, झटपट, आणि आतून इतके तीक्ष्ण, की वायर तिथे अडून बसते. आम्ही पाइपात बेंडिंग स्प्रिंग घालून गुडघ्यावर पाइप वाकवायचो. मोठी, सावकाश गोलाई. शिवाय पाइप गच्च भरायचा नाही. पोकळीच्या साधारण ४० टक्के भरला की पुरे. उरलेली जागा वायरींची उष्णता निघायला लागते आणि उद्याची वायर आत यायलाही लागते. उद्याची वायर येतेच. माझ्या कामाच्या काळात टेलिफोन आला, केबल टीव्ही आला, भारनियमनाच्या वर्षांत घरोघर इन्व्हर्टर आले, मग प्रत्येक खोलीत एसी, आणि शेवटी इंटरनेट. यांतली एकही गोष्ट येण्याआधी तिच्यासाठी कुणी पाइप टाकून ठेवला नव्हता. केबलवाल्यांनी तर सरळ गच्चीवरून गच्चीवर दोऱ्या टाकाव्यात तशा तारा टाकल्या आणि खिडकीच्या चौकटीला भोक पाडून आत आले.

२०२०च्या मार्चनंतर माझा फोन एका वेगळ्याच कामासाठी वाजू लागला. टाळेबंदी सैल झाली तशी खराडी, वाकड, बाणेर इकडची मंडळी बोलावू लागली. नवरा एका खोलीत मीटिंगमध्ये, बायको दुसऱ्या खोलीत, मुलांची शाळा हॉलमध्ये, आणि वायफाय बेडरूमच्या दारापर्यंत येऊन दम तोडतं. विटेची एखादी भिंत वायफाय कसंबसं ओलांडतं. सळयांनी भरलेली काँक्रीटची भिंत त्याला मानवत नाही. उपाय एकच, प्रत्येक खोलीत केबल नेणं. तीही राहत्या घरात, भिंतीला धक्का न लावता.

हे काम मला नवीन होतं आणि शिकवणारा माझ्या निम्म्या वयाचा. नेटवर्किंगचा मुलगा. त्यानं माझ्याकडून नेटवर्क केबलमधल्या आठ तारांचा क्रम पाठ करून घेतला : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांना दिलेला पीळ टोकाशी अर्ध्या इंचाहून जास्त उलगडायचा नाही, कारण तो पीळच बाहेरचा गोंगाट अडवतो. आणि ओढ! कॅट-६ केबलला साधारण ११ किलोच्या वर ताण द्यायचा नाही. आम्ही ४ स्क्वेअरच्या वायरी भिंतीला पाय लावून ओढणारी माणसं. पहिले काही दिवस तो माझ्या हाताकडेच बघत उभा असायचा. एका सलग केबलची मर्यादा १०० मीटर. फ्लॅटमध्ये ती कधीच गाठली जात नाही. विजेच्या वायरीच्या पाइपातून मात्र ही केबल न्यायची नाही, हे मी त्याला सांगायच्या आधी त्यानंच मला सांगितलं, आणि आमची दोस्ती झाली.

मग केबल न्यायची कुठून? इथे जुनं काम कामाला आलं. नव्वदच्या दशकापासून बऱ्याच इमारतींत हॉलमधून बेडरूममध्ये टेलिफोनचा नाहीतर टीव्हीच्या केबलचा वेगळा पाइप असतो. लँडलाइन कधीच बंद झालेली, भिंतीवर नुसती पांढरी प्लेट. ती उघडायची, आतली जुनी केबल हलवून बघायची. हलली, की जिंकलं. तिच्याच शेपटीला नवी केबल बांधायची आणि दुसऱ्या टोकाहून जुनी ओढून घ्यायची. जुनी बाहेर, नवी आत. खोलीत बसलेल्या माणसाला मीटिंग थांबवावीसुद्धा लागली नाही, अशीही कामं झाली. आणि जिथे हलली नाही, तिथे बहुतेक वेळा कारण एकच : कोणीतरी स्लॅबच्या दिवशी सेंट्रिंगवरून लवकर उतरला होता.

या गडबडीत बाजारात एक खोटा माल फार खपला. दिसायला कॅट-६, आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. तार ब्लेडनं खरवडली की पांढरी पडते. बंडल उचललं तर हलकं लागतं. छतात वायफायचा ॲक्सेस पॉइंट बसवला की त्याला वीजही याच केबलमधून जाते, आणि मग ही मुलाम्याची तार जास्त तापते, टोकाशी तुटते. भिंतीच्या आत घालायच्या वस्तूत पैसे वाचवू नयेत, एवढं माझं मत पक्कं आहे. बाहेरचा स्विच उद्या बदलता येतो. गिऱ्हाईक नेमकं उलटं करतं : काचेचे चकचकीत मॉड्युलर स्विच, आणि आत मिळेल ती वायर.

फॉल्स सीलिंगबद्दल थोडक्यातच लिहितो, नाहीतर माझा तोल जाईल. जिप्समची छतं आली आणि पाइपाशिवाय वायर टाकायची सोय झाली. वर पोकळी आहे, कोण बघतंय? जिप्सम बोर्डांच्या पाठीवर वायरी मोकळ्या लोळत असतात. सांधे बॉक्समध्ये नसतात, नुसत्या टेपने गुंडाळलेले असतात. त्यातून उंदीर. शिवाय ही छतं टांगण्यासाठी स्लॅबला फास्टनर मारतात, आणि स्लॅबमध्ये आमचे पाइप असतात, हे त्या कारागिराच्या गावीही नसतं. एका घरी नवं छत झाल्याच्या दिवशीच दोन खोल्यांचे पंखे बंद पडले. इंटीरियरवाल्या बाई वायरिंग जुनं झालंय म्हणाल्या. फास्टनर पाइपातून आरपार गेला होता. मी अशा छताला किमान एक झाकण ठेवायला सांगतो, माणसाचं डोकं आणि हात जाईल एवढं. "डिझाइन बिघडतं" हे उत्तर ठरलेलं.

पावसाळ्यात भिंतीतले पाइप पाण्याचीही वाट होतात. गच्चीवर बारीक भेग असते, पाणी स्लॅबमध्ये झिरपतं, सुटलेल्या सांध्यातून पाइपात शिरतं आणि उतारानं चालू लागतं. ते टपकतं भलत्याच ठिकाणी : बैठकीतल्या पंख्याच्या कपातून, नाहीतर भेगेपासून दोन खोल्या दूर असलेल्या स्विचबोर्डातून. जुलैत संध्याकाळी पाऊस धरला, की विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडतो. सकाळी ऊन पडलं की उचलला जातो. घरातले म्हणतात, तुम्ही बसवलेलं यंत्रच खराब आहे. ते यंत्र खराब नसतं, ते एकटंच खरं बोलत असतं. मग एकेक सर्किट सुटं करून वायरीचं इन्सुलेशन मोजणारा ५०० व्होल्टचा मेगर लावायचा. कोरड्या, धड वायरीचा काटा भरपूर वर जातो. एक मेगओहमच्या खाली घुटमळला की पाणी याच पाइपात आहे हे समजायचं. वायर बाहेर काढली तर ओली निघते, गंजाचा आणि शेवाळाचा वास येतो. वायर बाहेर निघाली पाहिजे, ही अट मात्र आहे. पाइप न घालता सरळ प्लास्टरमध्ये गाडलेल्या वायरी मला भेटल्या आहेत. तिथे मेगर खरं सांगतो आणि त्या खऱ्याचं काही करता येत नाही.

प्रत्येक घरात वायर लपवावीच, असंही मला वाटत नाही. पेठेतल्या एका वाड्यात आजोबा-आजींना परदेशातल्या मुलानं इंटरनेट आणि कॅमेरे बसवायला सांगितले होते. मुलाचा फोनवरून आग्रह, सगळं कन्सील्ड हवं. भिंती माती-विटेच्या, दोन हात जाड, वरून चुन्याचा गिलावा. वर कडीपाटाचं छत. तिथे कटर लावला असता तर झिरीपाठोपाठ गिलावा पाटपाटभर निसटला असता, आणि तसा चुना मळणारा आता शोधायचा कुठे? मी नको म्हणालो. केबल लाकडाच्याच रंगाच्या अरुंद केसिंगमधून नेली : खांबाच्या मागच्या अंगानं वर, तुळईच्या वरच्या कडेनं आडवी, कडीपाटाच्या फटीतून माडीवर. भिंतीला एकही भोक नाही. जे काही स्क्रू लागले ते लाकडात. आजोबा खुर्ची टाकून दिवसभर बघत बसले होते. संध्याकाळी त्यांनी काठीनं केसिंगची ओळ दाखवत म्हटलं, "आमच्याकडे पहिल्यांदा लाइट आली तेव्हा अशीच पट्टी इथूनच गेली होती हो." खरंच, तुळईवर जुन्या स्क्रूंची भोकं होती, आणि माझी पट्टी त्यांच्याच रेषेत आली होती. दुसरी सरळ वाट त्या घरात नव्हतीच.

हल्ली माझ्या मुलांकडे लेझर लेव्हल असते. ओळंबा पेटीत पडून असतो. भिंत भरायच्या आधी ते प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढतात, शेजारी टेप उलगडून धरलेली, म्हणजे कोपऱ्यापासून पाइप किती अंतरावर आहे ते वाचता येतं. हे फोटो मी घरमालकाला पाठवतो. बहुतेकांकडून ते फोन बदलताना हरवतात. म्हणून हल्ली एक प्रिंट डीबीच्या, म्हणजे घराच्या मुख्य वितरण बोर्डाच्या, दाराच्या आत चिकटवतो. वायरींच्या रंगाचंही तसंच : फेज लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रल काळा, अर्थिंग हिरवा, आणि बंडल संपलं म्हणून काळ्याच्या जागी उरलेला लाल तुकडा खपवायचा नाही, दुकान बंद झालं असेल तर काम उद्यावर टाकायचं.

राहिला रिकामा पाइप. डीबीपासून हॉलपर्यंत, हॉलपासून प्रत्येक बेडरूमपर्यंत, आणि जिन्यातल्या डक्टपासून घराच्या आत असा एकेक जादा पाइप मी सुचवतो. आत फक्त एक जीआय तार सोडलेली, पुढे ओढायला. काही वर्षांपूर्वी अशा पाइपांची कुणाला गरज वाटत नव्हती. आता फायबरवाला येतो, खिडकीला भोक पाडू का विचारतो, आणि ज्यांच्याकडे तो पाइप आहे ते त्याला जिन्याकडे बोट दाखवतात. फायबरला तीक्ष्ण एल्बो अजिबात चालत नाही, उजेड वळणावरच गळतो. गुडघ्यावर वाकवलेल्या मोठ्या गोलाईतून तो बिनबोभाट आत येतो.

अडचण भावाची. आमच्या धंद्यात मजुरी पॉइंटवर ठरते : इतके दिवे, इतके पंखे, इतके प्लग. रिकाम्या पाइपाला पॉइंट नाही, म्हणून तो कुठल्याच हिशेबात बसत नाही. मी कोटेशनमध्ये त्याची वेगळी ओळ लिहितो. गिऱ्हाईक यादी वाचत खाली येतं, त्या ओळीवर थांबतं आणि विचारतं, "यात काय जाणार आहे?" मी म्हणतो, "आत्ता काही नाही." बहुतेक वेळा ती ओळ तिथेच खोडली जाते. झिरी उघडी असली, पाइपाचा तुकडा उरलेला असला, तर मी तरीही टाकून देतो आणि फोटोत दाखवतो. नसला उरलेला, तर नाही टाकत. मुलांची मजुरी मलाही शनिवारी द्यायची असते.